गिअरच्या दातांचा स्टिफनेस स्थिर धरला, तिथेच गडबड झाली

तुम्ही म्हणालात, गिअरच्या जोडीच्या मॉडेलमध्ये दातांचा स्टिफनेस (भाराखाली न वाकण्याचा ताठपणा) एकच आकडा धरला आणि प्रत्यक्षात कंपनं कितीतरी जास्त निघाली. निघणारच! स्पर (सरळ दातांच्या) गिअरचा कॉन्टॅक्ट रेशो, म्हणजे एका वेळी दातांच्या सरासरी किती जोड्या टेकलेल्या असतात तो आकडा, १.६ असेल तर ६० टक्के वेळ दोन जोड्या भार उचलतात, उरलेला ४० टक्के वेळ एकटी जोडी. म्हणजे दर दातागणिक स्टिफनेस उडी मारतो. बाहेरचा टॉर्क अगदी स्थिर असला तरी ही उडीच यंत्रणेला हलवत राहते. तुमचा पिनियन (जोडीतला लहान गिअर) २३ दातांचा, १४८० आरपीएमचा. म्हणजे मेश फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती दात एकमेकांत येतात) साधारण ५६७ हर्ट्झ. नैसर्गिक वारंवारिता याच्या दुप्पट, तिप्पट असली तरी सावध राहा, मेश फ्रिक्वेन्सीच्या पटीतली कंपनं (हार्मोनिक्स) तिला गाठतात.

मॉडेलमध्ये बॅकलॅशही (दातांमधली मोकळी फट) घाला. हलक्या भारावर दात सुटून पुन्हा आपटतात, ते रेषीय मॉडेलला दिसतच नाही.

आणि संगणकाआधी एकदा दातांना निळा रंग लावून ते कुठे टेकतात त्याचा ठसा बघाच. आमच्याकडे असाच एक गिअरबॉक्स ओरडत होता. पिनियनला रंग लावून हाताने फिरवला, तर ठसा दाताच्या एका टोकाला, जेमतेम बोटभर. बेअरिंगखाली शिम (पातळ पत्रा) घालून तो मधोमध आणला आणि कंपनांच्या आलेखातला मेश फ्रिक्वेन्सीवरचा सुळका निम्म्याहून खाली आला. अलाइनमेंटची ही चूक मॉडेलमध्ये कुणीच घातली नव्हती.

स्पेक्ट्रममध्ये (कंपनांच्या त्याच आलेखात) ५६७ च्या दोन्ही बाजूंना २४.७ हर्ट्झच्या, म्हणजे पिनियनच्या सेकंदाच्या फेऱ्यांएवढ्या, अंतरावर साइडबँड (बाजूचे छोटे सुळके) दिसतात का? दिसत असतील तर पिनियनचा रनआउट (फिरताना केंद्रापासून किती सरकतो ते) डायल गेजने मोजून इथे टाका.