दाताचं इम्प्लांट: खरखरीत की गुळगुळीत? सल्ला हवा

सांगलीकर_मंदार
आईची (वय ६४) खालची दाढ दोन वर्षांपूर्वी काढली, आता इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करायचंय. दोन ठिकाणी दाखवलं. पहिले डॉक्टर म्हणाले, आमचा स्क्रू पूर्ण खरखरीत, हाड लवकर धरतं. दुसरे म्हणाले, खरखरीतवर पुढे हिरडीचं इन्फेक्शन होतं, आमच्या स्क्रूचा वरचा काठ गुळगुळीत आहे. दरात पंधरा हजारांचा फरक. आईला शुगर आहे, पूर्वी हिरड्या सुजून दोन दात हलून पडलेत. कोणाचं ऐकू?

चहाबाज
आमच्या आजोबांनी कवळीवर नव्वदी गाठली. फक्त ऊस सोडला होता. (वाचतोय.)

हिरडीवाली
मी दंतवैद्य आहे, हिरड्यांचंच काम करते. दोघंही खरं बोलतायत, पण स्क्रूच्या वेगवेगळ्या भागांबद्दल.

काँक्रीटला टाचे मारल्याशिवाय गिलावा धरत नाही, तसंच हाडाचं. स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे स्क्रू बसवले, ते लेथवर कातलेले, बऱ्यापैकी गुळगुळीत होते. तो रुग्ण २००६ मध्ये वारला तोवर टिकले, त्यामुळे गुळगुळीत म्हणजे वाईट असं नाही. पण हाड धरायला तीन ते सहा महिने थांबावं लागे, आणि मऊ हाडात स्क्रू सुटायचे प्रमाण जास्त. पुढे कणांचा मारा करून वर आम्लाने खरवडलेले पृष्ठभाग आले आणि थांबणं दीड महिन्यावर आलं. आज बहुतेक स्क्रूंची खरखर एक ते दोन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे बोटाला फरक फारसा कळणारही नाही.

आता दुसरी बाजू. पाट्याला टाकी लावली की चटणी छान वाटली जाते, आणि त्याच खाचांत अडकूनही बसते. खरखर हाडात गाडलेली आहे तोवर ठीक. हाड उतरून ती उघडी पडली की जंतूंचा थर तिथे घट्ट बसतो, खरवडून निघत नाही, आणि दुखणं भराभर खाली सरकतं. जुन्या काळच्या फार खडबडीत लेपाच्या स्क्रूंनी हेच दाखवलं.

तुमच्या आईच्या हिरड्यांचा इतिहास बघता मी गुळगुळीत काठाचा घेईन. एक मात्र विचारा: तो काठ हाडाच्या वर राहणार की आत जाणार? आत गाडला तर हाड खरखर सुरू होते तिथपर्यंत उतरतंच. मग त्या काठाचा उपयोग काय?

ठाण्याची_मावशी
माझा अनुभव. स्क्रू उत्तम बसला, वरची कॅप (म्हणजे दिसणारा दात) सिमेंटने चिकटवली. दीड वर्षाने ब्रश करताना रक्त, तोंडाला वास. दुखत अजिबात नव्हतं म्हणून मी बसले गप्प. एक्स-रेत स्क्रूभोवती हाड वाटीसारखं खाली गेलेलं! आतून मोहरीएवढा सिमेंटचा खडा निघाला. त्यात स्क्रूच्या कंपनीचं नाव लिहून ठेवलं नव्हतं, दुसऱ्या डॉक्टरांना कुठला पाना लागेल तेच कळेना. स्क्रूच्या डबीवरचा स्टिकर मागून घ्या, फाइलला लावा.

हिरडीवाली
मावशी +१. जमत असेल तर कॅप सिमेंटऐवजी छोट्या स्क्रूने आवळायची मागा. स्क्रू आणि कॅपमधला, हिरडीतून वर येणारा जोडही गुळगुळीत हवा. ०.२ मायक्रॉनच्या खाली आणखी घासून मात्र फायदा दिसत नाही, 'आरशासारखा' म्हणून जास्त पैसे मोजू नका. कॅप बसली त्या दिवशीचा एक्स-रे जपा, पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघतात. आणि सगळ्यात आधी उरलेल्या दातांच्या हिरड्यांचा इलाज, शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) सात टक्क्यांच्या आसपास.

सांगलीकर_मंदार
खूप आभार. दुसऱ्या डॉक्टरांना काठाचं विचारलं, त्यांनी एक्स-रेवर पेनाने रेघ मारून दाखवली, काठ हाडाच्या वरच राहणार. एक लिहायचं राहिलं. आई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. त्याने काही फरक पडतो का?

हिरडीवाली
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! भाजलेली असली तरी तंबाखूच ती. मिश्री सुटून हिरड्या आटोक्यात येईपर्यंत खरखरीत, गुळगुळीत, कुठलाच स्क्रू नको.

सांगलीकर_मंदार
डबी लपवलीय. घरातलं वातावरण तंग आहे.