एम्बॉसला 'उठाव' म्हटलं तर चालेल का?

शिकाऊ:
ठाण्यात स्टेशनजवळच्या एका क्लासला फोटोशॉप शिकतेय. सध्या अक्षरांचे इफेक्ट चालू आहेत. सबमिशनला गणपतीचा बॅनर करायचा आणि काय काय केलं ते मराठीत एक पानभर लिहायचं. मी लिहिलं, 'टेक्स्टच्या लेयरला ड्रॉप शॅडो देऊन बेव्हल-एम्बॉस लावला आणि बाहेरून स्ट्रोक दिला.' (एम्बॉस म्हणजे अक्षर कागदावरून वर आल्यासारखं दाखवणारा इफेक्ट.) आजीने चष्मा वर करून विचारलं, 'यात मराठी कुठेय गं?' एम्बॉससाठी 'उठाव' सुचला, तर भाऊ म्हणतो, १८५७ चा का?

पाटीवाला काका:
उठावच. मी नौपाड्यात, जांभळी नाक्यावर दुकानांच्या पाट्या रंगवायचो, फ्लेक्स येईपर्यंत. आधी पिवळं अक्षर भरायचं, ते सुकलं की एका अंगाला तांबडी शेड मारायची. शेड मारली की अक्षर उठतं, असंच म्हणायचो. उजेड डावीकडून वरून येतोय असं एकदा धरलं की प्रत्येक अक्षराची शेड उजव्या अंगालाच. एका नवख्या पोराने 'जनरल' उजवीकडे शेडवलं आणि 'स्टोअर्स' डावीकडे. मालक म्हणाला, माझ्या दुकानावर दोन सूर्य उगवलेत.

शिकाऊ:
काका, यालाच आमच्याकडे ग्लोबल लाइट म्हणतात! कोन एकदा ठरवला की सावली आणि उठाव दोन्ही त्याच कोनाने पडतात. मी त्या पर्यायापुढची बरोबरची खूण काढून टाकली होती. माझ्याही बॅनरवर दोन सूर्य आहेत.

व्युत्पत्तीवेडी:
'उठाव'चे तीन अर्थ रोजच्या वापरात आहेत आणि तिन्ही एकमेकांच्या पायात येत नाहीत. इंग्रजांविरुद्धचा उठाव. बाजारातला उठाव: 'यंदा हापूसला उठाव नाही.' आणि तिसरा चित्रातला, रांगोळीतला: 'कडेने गडद रंग दे, मोराला उठाव येईल.' वाक्यात शेजारी कोण बसलंय त्यावरून अर्थ कळतो. तिन्हींच्या मुळाशी 'उठणे', त्यामागे संस्कृत 'उत्' आणि 'स्था'. भावाला सांगा, अक्षरांनीही बंड करूनच कागद सोडलाय. मात्र क्रियापद सांभाळा. उठाव 'लावत' नाहीत. उठाव देतात, किंवा येतो.

कोपरीकर:
ड्रॉप शॅडोला 'पडछाया' आयता शब्द आहे. ड्रॉप म्हणजे पडणे, शॅडो म्हणजे छाया. इतकं शब्दशः भाषांतर आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवलंय!

व्युत्पत्तीवेडी:
शब्द उत्तम, कारण मात्र चुकलं. हा 'पड' पडण्यातला नाही, 'प्रति'चा आहे. प्रतिशब्दाचा पडसाद झाला, प्रतिजिह्वेची पडजीभ झाली, तशी प्रतिच्छायेची पडछाया. पण वापरा खुशाल, कुणी अडवणार नाही. साधं 'सावली' म्हटलंत तर आजीला त्याहून लवकर कळेल.

कोपरीकर:
घ्या, इतकी वर्षं पडजीभ पडलेली म्हणून पडजीभ असं समजत होतो. बरं, लेयरला 'थर'च ना? ठाणेकराला थर शिकवायला नकोत. २०१२ साली दहीहंडीला इथेच नऊ थर लागले होते, १३.३४ मीटरचे.

शिकाऊ:
पण हंडीतले सगळे थर दिसतात. लेयरमध्ये वरचा खालच्याला झाकतो, आणि वरचा अर्धवट पारदर्शक केला तर खालचा आतून दिसतो. मला 'पदर' जवळचा वाटतो. आजीची पोळी फुगली की पदर सुटतात, एकावर एक, पण वेगळे.

पाटीवाला काका:
पदर छान आहे, पण पदर अंगावर घेतात. क्लासमध्ये पोरं हसतील. थर म्हण. रंगाचेही थरच देतो आम्ही, आणि पहिला थर सुकायच्या आत दुसरा दिला की दोन्ही जातात.

व्युत्पत्तीवेडी:
काकांशी सहमत. फोटोशॉप १९९० साली आलं तेव्हा त्यात लेयर नव्हतेच, ते १९९४ ला तिसऱ्या आवृत्तीत आले. तोवर एकदा लावलेला रंग खालच्यात मिसळला तो मिसळलाच.

शिकाऊ:
मग स्ट्रोक? ब्रशच्या स्ट्रोकला 'फटकारा' म्हणतात, पण इथे अक्षराच्या भोवती रेघ येते.

कोपरीकर:
किनार. किंवा साडीसारखा काठ.

पाटीवाला काका:
आम्ही आउटलाइन म्हणायचो. मराठीतच बोलत होतो तरी. तू किनार लिही.

शिकाऊ:
लिहिलं. आता एक रडगाणं. 'हार्दिक स्वागत' ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषा तुटली. त्यावर उठाव दिल्यावर प्रत्येक तुकड्याची टोकं वेगळी चमकायला लागली, फटी पडलेल्या दातांसारखी. वरून एक पट्टी ओढली, तर पट्टीला तिचा वेगळा उठाव, सांधा ठळक दिसतो.

व्युत्पत्तीवेडी:
पट्टी आणि अक्षरं एका ग्रुपमध्ये टाका, दोघांचा उठाव काढा आणि तो ग्रुपला द्या. मग सगळं मिळून एकच आकार धरला जातो. त्याहून बरं म्हणजे अंतर पुन्हा शून्यावर आणा. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, आपली एका दोरीवर वाळत घातलेली असतात. दोरी कापून कपडे लांब-लांब करता येत नाहीत.

शिकाऊ:
शून्यावर आणलं. आता आजीला वाचून दाखवते: 'अक्षरांच्या थराला पडछाया दिली, उठाव दिला, बाहेरून सोनेरी किनार काढली.' आजी म्हणाली, 'शालू नेसवलास की त्याला.' बॅनरचा फोटो टाकलाय.

पाटीवाला काका:
बघितला. उठाव झकास. पण 'हार्दिक'चा रफार कुठाय? 'हार' पाय मोडून उभा आहे, आणि 'दि'ची वेलांटी 'द'च्या मागे गेलीये.

शिकाऊ:
अय्या! पॅराग्राफच्या मेनूत भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचाच राहिला. थांबा, पाच मिनिटांत पुन्हा टाकते.