मदत हवी आहे: पद्मिनीचे ब्रेक घाट उतरताना धरून बसतात (सातारा)

वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आठ वर्षं शेडमध्ये उभी होती, दिवाळीत बाहेर काढली. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. व्हील सिलेंडरना नवी किट (रबरांचा संच) घातली, लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) बदलले. मास्टर सिलेंडरला (पेडल दाबलं की चाकांकडे ऑईल ढकलतो तो) एका गॅरेजमधून किट टाकून आणली. जुनं ब्रेक ऑईल निघालं ते अक्षरशः गुळवणी! आता डॉट ३ भरलंय.

ब्रेकच्या पाईपमधली हवा मी आणि भाच्याने मिळून काढली. मास्टरपासून सगळ्यात लांब म्हणून मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, मग पुढची. निपलला (चाकामागचा हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवलेलं. "दाबलं मामा, सोडलं मामा" करत बुडबुडे थांबेपर्यंत. पेडल पहिल्याच दाबाला कडक लागतं आणि दाबून धरलं तर खाली जात नाही. लायनर ॲडजस्ट करताना चाक जॅकवर घेऊन धरेपर्यंत आवळलं आणि मोकळं फिरेल इतकं मागे घेतलं.

पोवई नाका ते राजवाडा दोन चकरा झाल्या, काही तक्रार नाही. रविवारी कासला नेली. येताना यवतेश्वरचा घाट उतरू लागलो तर पेडल आणखीच वर आलं आणि गाडीला आपोआप ब्रेक लागायला लागले. उतारावर ॲक्सिलरेटर द्यावा लागला, बोला! समर्थ मंदिरापाशी थांबवली तेव्हा चारही चाकांतून जळका वास, ड्रमजवळ हात नेववत नव्हता. पाऊण तासाने ब्रेक आपोआप सुटले.

मेस्त्री म्हणतात लायनर नवे आहेत, घासून बसतील. वडील म्हणतात ब्रेकवर पाय ठेवून उतरलास. नव्हता ठेवला. म्हणजे सारखा नव्हता. ॲडजस्टर आणखी सैल करू का?

चारचाकी_आजोबा: ॲडजस्टरला हात लावू नका. एकच चाक धरलं असतं तर तिथला होज (रबरी नळी) आतून फुगलाय किंवा सिलेंडर अडकलाय म्हटलं असतं. चारही एकदम म्हणजे दोष मास्टरकडे. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच ऑईल परत टाकीत जायचं बारीक भोक उघडतं. पुशरॉडला (पेडल आणि पिस्टन यांच्यामधला दांडा) मोकळी चाल नसेल तर ते भोक झाकलेलं राहतं. तापलेलं ऑईल फुगतं, त्याला परतायला वाट नसते, मग तेच लायनर ड्रमवर दाबून धरतं. त्याने ड्रम आणखी तापतो. थंड झालं की सुटतं, तुमचं तसंच झालंय.

खात्री करायची तर पुन्हा धरल्यावर गाडी सपाटीवर, चाकांना दगड लावून, मास्टरवरचा पाईपचा नट किंचित सैल करा. चाकं मोकळी झाली तर मास्टर किंवा रॉड. नाहीच झाली तर एकेका चाकाचं निपल उघडून बघा. आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

कोयनाकाठ: आजोबांशी सहमत. किट टाकताना खनिज तेल किंवा पेट्रोलने भाग धुतले नव्हते ना, हेही विचारा. त्याने रबर फुगतं आणि हीच लक्षणं दिसतात. आमच्या गाडीत एका उत्साही माणसाने टाकीत इंजिन ऑईल ओतलं होतं, मास्टरपासून चाकापर्यंत सगळी रबरं फेकावी लागली.

धागाकर्ता: आज सज्जनगडाच्या रस्त्याला मुद्दाम नेली, उतरताना पुन्हा धरली. नट सैल केला, ऑईलची चिळकांडी उडाली आणि चारही चाकं मोकळी! पेडल हाताने दाबून बघितलं तर चाल अजिबात नाही, पहिल्यापासूनच पिस्टनला टेकलेलं. उद्या मेस्त्रींसमोर रॉड जुळवून घेतो, किट धुतली कशाने तेही विचारतो.

ती चिळकांडी मडगार्डवर पडली, पुसेपर्यंत रंग सुरकुतला. तेवढ्या जागेचं काय करता येईल? वडिलांनी अजून बघितलेलं नाही.