'घड उघडे करा, वास वाढेल': कुठला वास?

टाकीवाला: 'वाईनच्या द्राक्षात वास हवाय? पाणी उतरलं की (म्हणजे मणी मऊ पडून रंगू लागले की) घडासमोरची पानं काढा, भरपूर ऊन लागू द्या.' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. कुठला वास ते तरी सांगा! मस्कत जातीच्या द्राक्षातलं फुलांसारखा वास देणारं लिनालूल, जिरॅनिऑल उजेडात वाढतं, मान्य. कॅबर्ने जातीतला ढोबळी मिरचीचा वास, म्हणजे मिथॉक्सीपायराझिन, उजेडाने घटतो. शिराझ जातीतला मिऱ्याचा वास देणारं रोटंडोन तर गारव्यात टिकतं. एकाच घडात सावलीकडच्या मण्यांत ते जास्त मिळतं. तिघांना एकच औषध?

ओलांडा: पोस्ट माझी आहे आणि ती कॅबर्नेबद्दल होती. पायराझिन जावं म्हणूनच पानं काढायची. स्वतःच कबूल करताय आणि वर भांडताय.

टाकीवाला: भांडण वेळेवरून आहे. पायराझिन मणी हिरवा, कडक असताना साठतं. पाणी उतरू लागलं की ते आपोआप घसरतं, मग घड उघडा असो वा झाकलेला. मणी धरल्यावर पहिल्या महिन्याभरात पानं काढलीत तर ते मुळात कमी साठतं. उशिरा काढलीत तर साल भाजते, कारण सावलीत वाढलेल्या सालीत ऊन झेलणारं क्वेरसेटिन पुरेसं बनलेलंच नसतं.

खालचंपान: दोघेही उजेड आणि उष्णता एकाच पोत्यात भरताय. वारा पडलेला असेल तर उन्हातला मणी हवेपेक्षा 10 अंशांनी तापू शकतो. हवा 34, मणी 44! तिथे वास सोडा, रंगही जातो. ओळ उत्तर-दक्षिण असेल तर पानं फक्त पूर्वेची काढा, पश्चिमेला एक थर ठेवा. त्या एका थरातून थेट उजेडाचा दहावा हिस्साही आत येत नाही, म्हणून दोन-तीन थर साठू देऊ नका.

रिस्लिंगभक्त: रिस्लिंग द्राक्षाच्या वाईनमधल्या रॉकेलच्या वासावर कोणीच बोलत नाही. घडाला ऊन लागलं की कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांपासून टीडीएनची, म्हणजे हा वास देणाऱ्या द्रव्याची, पूर्वद्रव्यं वाढतात आणि बाटलीत आम्लामुळे त्यांतून टीडीएन हळूहळू सुटत राहतं. रिस्लिंगची ओळखच ती!

टाकीवाला: ओळख कसली? कोवळ्या वाईनला रॉकेलचा वास म्हणजे बागेतली चूक.

रिस्लिंगभक्त: जुन्या बाटलीत तोच वास आला की मान डोलवणारे हेच लोक.

ओलांडा: बुचाचाही हात असतो. कॉर्क टीडीएन शोषून घेतो, स्क्रूकॅप घेत नाही. वाईन तीच, वास वेगळा.

रिस्लिंगभक्त: म्हणजे आता दोष झाकायला कॉर्क? धन्य आहे!

टाकीवाला: 'दोष' म्हणालात. नोंद घेतली.

रिस्लिंगभक्त: शब्दात पकडायचं असेल तर वकिली करा. किती टीडीएन चालेल ते बोला.

खालचंपान: बुचावर वेगळा धागा काढा हो. रिस्लिंगला मणी धरल्यावर महिन्याभराने पानं ओरबाडलीत तर टीडीएन वाढणार, एवढं इथे पुरे. म्हणजे कॅबर्नेला जे तारतं तेच इथे नडतं.

ओलांडा: बरं, 'पाणी उतरलं की' हे शब्द खोडतो. 'पानं काढा' खोडणार नाही. आणि पुन्हा सांगतो, पोस्ट फक्त कॅबर्नेबद्दल होती.

टाकीवाला: मग खाली हॅशटॅगात शिराझ काय करतंय?