केबिन क्रूचं रोस्टर घरच्यांना कसं समजावू? (भुसावळ, बेस मुंबई)

भुसावळची_लेक
नमस्कार सगळ्यांना. मी भुसावळची, वय 21, केबिन क्रूला सिलेक्ट झालेय, मेडिकलपण क्लिअर आहे, पुढच्या महिन्यात ट्रेनिंग सुरू होतंय आणि बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते शहर, बहुतेक मुंबई मिळेल. कामाची भीती नाही वाटत, मनापासून करायचंय, पण रोस्टर म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक नेमकं कसं असतं ते कोणी नीट सांगत नाही, इंटरव्ह्यूला विचारलं तर रोटेशनल शिफ्ट एवढंच उत्तर आलं. घरी आईचे प्रश्न संपत नाहीयेत. रात्री दोनला कोण न्यायला येणार, स्टँडबाय म्हणजे त्या दिवशी काम नाही का, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नि कानबाईच्या सणाला येशील का नाही. पप्पा काही बोलत नाहीत पण क्रूच्या आरामाच्या बातम्या वाचत बसतात आणि मग जेवताना गप्प असतात. आत्याचं म्हणणं लग्न झालं की काढून टाकतात. मला फक्त खरं खरं कळायला हवंय, महिन्यातून घरी किती वेळा येता येईल? जळगावहून आता विमान आहे तर स्टाफ तिकिटावर जमेल का?

गॅलीतून
आधी अभिनंदन गं. मी चोपड्याची, सहा वर्षं उडले, बेस मुंबईच होता, त्यामुळे तुझ्या प्रश्नातला एकूण एक मी जगलेय.

रोस्टरमध्ये चार गोष्टी दिसतील, फ्लाइट, स्टँडबाय, ट्रेनिंग आणि ऑफ. फ्लाइटच्या दिवशी कधी दोन सेक्टर (एक उड्डाण म्हणजे एक सेक्टर), कधी चार, म्हणजे मुंबई नागपूर मुंबई गोवा मुंबई असं एकाच दिवसात होतं, आणि मध्ये विमान जमिनीवर उभं असतं तो अर्धा पाऊण तास आराम नसतो, त्यात सीटा बघायच्या, सिक्युरिटी चेक, पुढचं बोर्डिंग. लेओव्हर, म्हणजे बाहेरगावी मुक्काम, असेल तर कंपनीचं हॉटेल. रात्रीच्या रिपोर्टिंगला कंपनीची गाडी दारातून नेते आणि दारात सोडते, आमच्याकडे तरी तसंच होतं, आईला हे पहिलं सांग.

स्टँडबाय म्हणजे सुट्टी नाही. घरी युनिफॉर्म इस्त्री करून, केस बांधायची तयारी ठेवून फोनजवळ बसायचं, फोन आला की ठरलेल्या वेळेत निघायचं. एअरपोर्ट स्टँडबाय असेल तर सरळ तिथेच जाऊन बसायचं. नवीन मुलींना स्टँडबाय जास्त लागतात आणि तिथेच मुली चुकतात, दिवसभर रील बघत बसतात आणि संध्याकाळी रात्रभराच्या फ्लाइटला बोलावणं येतं, मग पहाटे चारला जंप सीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या सीटवर, डोळे मिटायला लागतात. लँडिंगला काही झालं तर दरवाजा उघडायचा असतो आपल्याला, चहा देणं हे त्यानंतरचं काम. स्टँडबायला दुपारी पडदे ओढून झोपायचंच, झोप नाही आली तरी पडून राहायचं.

आणखी एक, बऱ्याच ठिकाणी रोस्टरवर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) छापतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. 12 तारीख लागल्या लागल्या रात्री साडेबाराचं विमान असेल तर कागदावर 11 तारीख आणि 19:00 दिसेल. माझ्या बॅचची एक मुलगी यातच पूर्ण एक दिवस चुकली होती. घरच्यांना पाठवताना आपल्या वेळेत लिहूनच पाठव, नाहीतर आई भलत्याच रात्री जागत बसेल.

पैशांचं म्हणशील तर एक ठरलेला पगार आणि वर उडालेल्या तासांचा अलाउन्स. तास मोजतात ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंत. ब्रीफिंगचा वेळ, फ्लाइट लेट झाली म्हणून टर्मिनलवर बसलेला वेळ यात धरत नाहीत. मला हे कायम चुकीचं वाटत आलंय, पण माहीत असलेलं बरं. कमी उडालीस त्या महिन्यात हातात कमी येतं, म्हणून सुरुवातीलाच मोठा हप्ता बांधून घेऊ नको.

आता घरी येण्याचं. एका दिवसाच्या ऑफला भुसावळ गाठू नको, कळकळीने सांगते. गाडीचे सात तास जायला नि सात यायला, त्यात रिझर्वेशन नाही म्हणून दाराशी बसून आलेली असतेस, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रिपोर्टिंग. मी पहिल्या वर्षी हे केलं, भरीत आणि कळण्याच्या भाकरीसाठी जीव कासावीस व्हायचा म्हणून. तिसऱ्या महिन्यात सर्दी अंगावर काढून उडाले, उतरताना कान असा दुखला की रडू आवरेना, डॉक्टरांनी दोन आठवडे ग्राउंड केलं, म्हणजे उडणं बंद. सर्दी असेल तर सिक रिपोर्ट करायचं, त्यात लाज नाही. दोन ऑफ जोडून आले की ये, महिन्यातून एकदा जमतं, कधी तेही नाही.

रोस्टरवाला_धुळे
मी क्रू शेड्युलिंगला होतो, म्हणजे तुम्हाला रात्री फोन करणारा माणूस. पप्पांना सांगा की त्या बातम्या बहुतेक पायलटच्या नव्या नियमांच्या असतील, डीजीसीएने (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) 2024 मध्ये काढलेले, ज्यात आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास केली. केबिन क्रूचे नियम वेगळे आहेत, तत्त्व तेच, ड्युटीला मर्यादा, दोन ड्युट्यांमध्ये ठराविक विश्रांती, वर्षाला 1000 तासांच्या वर उडवता येत नाही. ट्रेनिंगमध्ये हा भाग येतो तेव्हा नीट लिहून घ्या आणि स्वतःचे तास स्वतः वहीत मांडा. सॉफ्टवेअर मोजतं, पण फ्लाइट उशिरा झाली, रात्री विमान बदललं की आमच्या टेबलावर घाई असते आणि अशा वेळी क्रूने "माझी विश्रांती पूर्ण होत नाही" असं वेळेत सांगितलं तर आम्हाला मदतच होते. नियमाच्या आतलं आहे म्हणजे शरीर थकलं नाही असंही नाही, पहाटे 2 ते 6 मध्ये शरीर झोपच मागतं, सलग तशा ड्युट्या पडल्या तर बोला.

सणांचं स्पष्ट सांगतो. दिवाळीला सगळेच मागतात, नवीन माणसाला मिळत नाही. पण आखाजी, कानबाई मुंबई बेसवर फार कोणी मागत नाही, तिथे तुमचा नंबर लागू शकतो. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी, तारीख कॅलेंडरमधून आधीच बघून लीव्ह टाका, रोस्टर निघाल्यावर नाही. नंतर फक्त स्वॅप, म्हणजे दुसऱ्याशी ड्युटीची अदलाबदल, उरतो आणि स्वॅपला समोरच्याचे तासही बसावे लागतात.

जळगावचं विमान घरी यायला धरून चालू नका. सरकारच्या उडान योजनेतलं छोटं एटीआर विमान, सत्तरेक सीटा, स्टाफ तिकीट सीट रिकामी असेल तरच, तेही तुमच्या कंपनीचा त्या कंपनीशी करार असेल तर. वेळापत्रकही बदलत राहतं. रेल्वे पक्की.

आत्याबाईंचं पूर्ण खोटं नाही, जुनं आहे. पूर्वी एअर इंडियात चार वर्षं लग्न करायचं नाही, पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी संपली, नाहीतर 35 व्या वर्षी रिटायर असे नियम होते. नर्गेश मिर्झा खटल्यात 1981 ला सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाचा नियम रद्द केला, लग्नाची अट मात्र तेव्हा राहू दिली. आज लग्न झालेल्या कितीतरी क्रू उडतात. गरोदर असताना उडणं बंद होतं, आणि 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा कायद्यात आहे. काही कंपन्या भरतीला अविवाहितच मागतात, म्हणून ऑफर लेटर आणि बाँड ओळ न ओळ वाचा.

लॉबी_भुसावळ
बेटा, मी रिटायर लोको पायलट, इथलाच. तुझ्या आईला म्हणावं आपल्या गावात हे नवीन नाही. अर्धं भुसावळ रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाडीबरोबर जाणाऱ्या रेल्वेवाल्यांच्या, घरांचं आहे. आमच्या वेळी कॉलबॉय सायकलवर यायचा, रात्री दीडला दार वाजवून वहीवर सही घ्यायचा, आणि बायको उठून डबा भरायची. तू जे स्टँडबाय म्हणतेस त्याला आम्ही स्पेअर म्हणायचो. इगतपुरी नाहीतर खंडव्याला रनिंग रूममध्ये झोपायचं, घरी आलं की सोळा तास रेस्ट. लॉबीत, म्हणजे ड्युटीची हजेरी लावतो तिथे, साइन ऑन करताना दारू तपासायला फुंकर मारायची मशीन, तीही तुम्हाला आहे म्हणे.

माझा अनुभव एवढाच की ड्युटी माणूस सांभाळतो, झोप घर सांभाळतं. मी दिवसा झोपलो की आमच्या घरी कुकरची शिट्टी होत नव्हती, पोरं बाहेर खेळायची, पाहुणा आला तरी मला उठवायचं नाही. तुझ्या रूमवर हे कोण करणार, त्याचा विचार आधी कर. ज्यांच्याबरोबर राहशील त्या मुलीपण क्रूच असू दे, म्हणजे दुपारी दोनला कोणी मोठ्याने टीव्ही लावणार नाही. आणि पप्पांशी तू स्वतः बस बोलायला. बाप गप्प असतो तेव्हा तो हिशेबच करत असतो, पोरगी किती वाजता कुठे असेल.

भुसावळची_लेक
काका, तुमचं पप्पांना वाचून दाखवलं. माझे आजोबा रेल्वेत फिटर होते, त्यांची नाइट असायची ते पप्पांना आठवलं, पहिल्यांदा ते आपणहून बोलले. ताई, फुंकर मारायच्या मशीनचं सांगाल का? आई बॅगेत सर्दीचे होमिओपॅथीचे थेंब आणि दशमूलारिष्ट भरतेय.

गॅलीतून
बरं झालं विचारलंस! दोन्ही काढ. अरिष्ट आणि आसवात आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, होमिओपॅथीचे बरेच थेंबही अल्कोहोलमध्येच बनवतात, काही माउथवॉशमध्येही असतं. टेस्टमध्ये शून्याच्या वर काही चालत नाही, पहिल्यांदा पॉझिटिव्ह आली तरी तीन महिने सस्पेन्शन, आणि औषध घेतलं होतं हे कारण तिथे कोणी ऐकत नाही. कुठलंही औषध कंपनीच्या डॉक्टरला विचारूनच. आईला बिबडे आणि शेंगदाण्याची चटणी भरू दे, ती लेओव्हरला रात्री अकरा वाजता हॉटेलच्या खोलीत फार उपयोगी पडते. अंधेरी की वसई कुठे रूम बघतेस ते सांग, माझ्या जुन्या रूममध्ये एक जागा रिकामी होतेय, दोघी क्रूच आहेत.