स्विच लावणाऱ्याला सबनेट यायलाच पाहिजे का?

नकाशावाला, लातूर

आमच्याकडं नेटवर्कचं काम म्हणजे केबल ओढा, चोवीस पोर्टचा स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा) ठोका, दिवे लुकलुकले की बिल हातात द्या. माझं मत स्पष्ट आहे. ज्याला आयपी (नेटवर्कवरच्या प्रत्येक डिव्हाइसचा पत्ता) आणि सबनेट मास्क (कोणते पत्ते आपल्याच गटातले, म्हणजे सबनेटमधले, ते ठरवणारा आकडा) समजत नाही, त्यानं पन्नासच्या वर डिव्हाइस असलेल्या जागी हात घालू नये.

ताजं उदाहरण लातुरातल्याच एका क्लासचं. ऑनलाइन टेस्टसाठी ४० पीसींची लॅब, ३२ कॅमेरे, हजेरीची दोन बायोमेट्रिक मशिनं, वरच्या मजल्यावर अभ्यासिका आणि तिथं पोरांना वायफाय. सगळं एकाच १९२.१६८.१ मध्ये, म्हणजे त्या आकड्यांनी सुरू होणाऱ्या पत्त्यांत. मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे वापरायला २५४ पत्ते. पोरांचे मोबाइल जोडले गेले की डीएचसीपीचा, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांचा, साठा संपतो. टेस्टच्या दिवशी उशिरा चालू केलेल्या पीसींना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता पडला. हा पत्ता राउटर देत नाही. कुणीच पत्ता दिला नाही की विंडोज स्वतःच घेऊन बसतं.

बसवणाऱ्यानं काय केलं? राउटरमध्ये मास्क २५५.२५५.२५४.० केला, पत्ते ५१० झाले, गडी निघून गेला. कॅमेरे आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं मशीन) यांना हातानं भरलेले मास्क तसेच राहिले. आता ऑफिसच्या लॅपटॉपला मिळाला १९२.१६८.०.५७. त्याच्या लेखी १९२.१६८.१.२०० वरचा एनव्हीआर आपल्याच गल्लीतला, म्हणून तो थेट हाक मारतो. एनव्हीआरचा मास्क जुना, त्याच्या लेखी ०.५७ परगल्लीतला, म्हणून तो उत्तर गेटवेकडं (दुसऱ्या गल्लीत जायचं दार, इथं राउटर) धाडतो. ज्या डिव्हाइसमध्ये गेटवे बरोबर भरलेला होता, त्याचं उत्तर राउटरचा वळसा घेऊन पोचलं. जिथं रकाना रिकामा, तिथं गडप. म्हणून काही कॅमेरे उघडतात, काही उघडत नाहीत, आणि मालक म्हणायलेत की कॅमेरेच बोगस दिले.

क्रिम्पिंगवाला, मोंढा परभणी

राम राम. स्विचला आयपीचं काय देणंघेणं? साधा स्विच मॅक पत्ता (मशीनवर कारखान्यातच पडलेला नंबर) बघतो, कोणतं मशीन कोणत्या पोर्टवर आहे ते लक्षात ठेवतो आणि डेटा तिकडं ढकलतो. तुम्ही सांगायलाव ते दुखणं राउटरचं आहे, खापर मात्र स्विचवाल्यावर.

त्यावर औषधही साधं आहे. डीएचसीपीचं लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) २४ तासांचं असेल तर २ तासांवर आणा. पोरगं सकाळी तासभर बसून घरी गेलं तरी त्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो.

आणि हे व्हीलॅन-फिलॅन (एकाच स्विचचे सेटिंगनं वेगवेगळे भाग पाडणं) करणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. लाइट गेली, आली, दणका बसून स्विच उडाला. मी नवा साधा स्विच लावून चहा यायच्या आत आडत चालू करून देतो. तुमचा मॅनेज्ड (सेटिंग करायचा) स्विच उडाला तर? कॉन्फिगचा बॅकअप कुणाकडं? पासवर्ड कुणाकडं? ज्या पोरानं केलेलं असतं ते पुण्याला नोकरीला गेलेलं असतं, फोन उचलत नाही.

नकाशावाला, लातूर

लीज कमी करा, माझी ना नाही. पण तीनशे मोबाइल एकाच वेळी आत असतील तर लीज पाच मिनिटांचं केलं तरी २५४ चे ३०० होत नाहीत. शिवाय आज अभ्यासिकेतलं कुठलंही पोरगं मोबाइलवर एनव्हीआरचं लॉगिन पान उघडू शकतं, आणि पासवर्ड काय असतो ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

सेकंड शिफ्ट, वाळूज

नकाशावाले, तुमचं निदान बरोबर, पण नुसतं "सबनेट सबनेट" म्हणून अर्धवट शिकवू नका. लई ठिकाणी बघतो: कॅमेरे १९२.१६८.५० मध्ये, पीसी १९२.१६८.१ मध्ये, दोन्ही त्याच साध्या स्विचवर, आणि सांगतात काय, तर "नेटवर्क वेगळं केलंय". काही वेगळं झालेलं नसतं. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम मारलेली हाक) अजूनही प्रत्येक पोर्टवर जातो. कुणीही लॅपटॉपमध्ये हातानं १९२.१६८.५०.९ टाकलं की थेट कॅमेऱ्यांत. वेगळेपण व्हीलॅननं येतं. सबनेट हा त्या व्हीलॅनला दिलेला नंबर.

व्हीलॅन केलं तरी डोकं चालवावंच लागतं. एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायचं तर मध्ये राउटर किंवा लेयर थ्री स्विच (राउटरचंही काम करणारा) लागतो. आता ३२ कॅमेरे एका व्हीलॅनमध्ये आणि एनव्हीआर ऑफिसच्या व्हीलॅनमध्ये ठेवला, दर कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस धरले, तर १२८ एमबीपीएस चोवीस तास राउटरमधून जाणार. राउटरचा पोर्ट १०० चा असला की रेकॉर्डिंग तुटायला लागतं आणि शिव्या हार्ड डिस्कला. एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवला तर हा माल स्विचमधल्या स्विचमध्येच फिरतो. राउटरवर भार पडतो तो फक्त कुणी बघत असेल तेवढाच.

फर्स्ट इयर, नांदेड

एक शंका. स्विच मॅक बघतो असं वर म्हटलंय. मग मॅनेज्ड स्विचला आयपी कशाला? आमच्या लॅबमधला तर गेटवे पण मागतो.

सेकंड शिफ्ट, वाळूज

तो आयपी फक्त त्याचं सेटिंगचं पान उघडण्यासाठी. काढून टाकला तरी बाकीचा डेटा चालूच राहतो. गेटवे लागतो तो तुम्ही दुसऱ्या सबनेटमधून त्या पानावर येणार असाल तर. नाहीतर स्विचला उत्तर कुठून परत पाठवायचं ते कळत नाही. एक सांभाळा: मॅनेजमेंट व्हीलॅन बदलताना आधी नव्या व्हीलॅनमध्ये स्विचला पत्ता द्या, मग आपला लॅपटॉप तिथल्या पोर्टवर हलवा, पान उघडतंय ते बघा, आणि मगच जुना पत्ता काढा. उलट केलंत की बाहेर फेकले जाता. मग कन्सोल केबल (स्विचला थेट जोडून सेटिंग करायची) शोधा, नाहीतर रीसेटचं भोक.

क्रिम्पिंगवाला, मोंढा परभणी

बघा! हेच म्हणायलो मी. एक क्लिक चुकली की रीसेट. आमच्या साध्या स्विचला क्लिकच नाही.

हिशेब पक्का, धाराशिव

मी शिकवतो, म्हणून जरा वेगळा मुद्दा मांडतो. परीक्षेत आपण पोरांकडून /२६ चे ६२ पत्ते, /२७ चे ३० असे हिशेब (रेघेपुढचा आकडा म्हणजे मास्कच, थोडक्यात लिहिलेला) घोटून घेतो आणि त्यांना वाटतं सबनेटिंग म्हणजे पत्त्यांची काटकसर. १९९३ मध्ये सीआयडीआर (पत्त्यांचे गट हव्या त्या आकाराचे पाडायची पद्धत) आलं तेव्हा जगभरचे सार्वजनिक पत्ते वाया जायलेत, ही चिंता खरीच होती. पण क्लासच्या आतले पत्ते खासगी आहेत, बाहेरच्या इंटरनेटवर न चालणारे. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदानं त्यासाठी तीन पट्टे मोकळे सोडलेत आणि एकट्या १०.०.०.० मध्येच १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. तिथं ४० पीसींना मोजून /२६ देणारा हुशार नाही, उद्या २५ पीसी वाढले की तोच रडणार.

सरळ प्रत्येक व्हीलॅनला /२४ द्या, म्हणजे २५४ पत्ते. मोबाइलना तेवढे पुरत नाहीत, त्यांना /२२ द्या, १०२२ पत्ते मिळतात. तिसरा आकडा व्हीलॅनचाच ठेवा: लॅब १०.२०.१०, कॅमेरे १०.२०.३०, वायफाय १०.२०.४० पासून ४३ पर्यंत. पत्ता वाचला की डिव्हाइस कशातलं ते कळतं. /२२ ची सुरुवात चारनं भाग जाणाऱ्या आकड्यावरच होते, म्हणून ४० घेतलाय, ५० चालला नसता. गणित इथं लागतं.

दुसरा आकडा शाखेचा. लातूर २०, नांदेड २१. दोन्हीकडं १९२.१६८.१ ठेवून पुढं व्हीपीएननं (इंटरनेटवरून दोन जागांमधली खासगी वाट) जोडायला गेलात की लातूरचं मशीन १९२.१६८.१.२०० ला आपल्याच जागेत शोधत बसणार, नांदेडला पोचणारच नाही.

नकाशावाला, लातूर

शाखेचा मुद्दा आमच्या मालकांना आजच दाखवतो. नांदेडची जागा बघून झालीये त्यांची.

क्रिम्पिंगवाला, मोंढा परभणी

गुरुजी, तुमचा हिशेब पटला, पण कोटेशनमध्ये "मॅनेज्ड" शब्द दिसला की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, त्याचं काय? शिकून यायला तयार आहे, पैसे कोण देणार ते सांगा.

सेकंड शिफ्ट, वाळूज

एक कॅमेरा कमी करा आणि त्या पैशात स्मार्ट मॅनेज्ड स्विच द्या. तेही जमत नसेल तर निदान राउटरचं गेस्ट वायफाय चालू करून मोबाइल तिकडं ढकला. पण अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) वेगळे असतील तर आपल्या मोबाइलवरून एनव्हीआर उघडतो का ते तपासा. काही स्वस्त मॉडेलमध्ये गेस्ट हे नावालाच असतं.

क्रिम्पिंगवाला, मोंढा परभणी

गेस्टचं करतो, फुकट आहे. स्विचच्या डब्यात पत्त्यांचा कागदही चिकटवतो. बाकी आडतीतल्या आठ मशिनांना १९२.१६८.१ च राहणार, कुणी कितीही नकाशे काढा.