'विद्युताग्र' वाचून आत्याबाई घाबरल्या

रावपुऱ्याची सून: आत्याबाईंना पेसमेकर बसवायचाय. माहितीपत्रक इंग्रजी-गुजरातीत मिळालं. पन्नास वर्षं बडोद्यात काढूनही त्यांना वाचायला मराठीच लागतं, म्हणून मी बसून मराठी केलं. इलेक्ट्रोडला शाळेतला 'विद्युताग्र' लिहिला. वाचता वाचता त्यांचं बोट तिथेच थांबलं. "अग्र म्हणजे टोक ना गं? काळजात टोचून ठेवणार?" दुसरा शब्द सुचवा, परवा दाखल व्हायचंय.

दांडियाबाजार: मुळात विद्युताग्रच चूक. विद्युत् अधिक अग्र, संधी विद्युदग्र.

मांडवीकर: संधी राहू द्या. तीस वर्षं दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त केली, सगळे 'लीड'च म्हणतात. पण लीड म्हणजे अख्खी तार आणि इलेक्ट्रोड म्हणजे तिच्यावरचा उघडा धातू, बहुधा प्लॅटिनम-इरिडियम. वरून सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन, आत स्प्रिंगसारखं वेटोळं, कारण हृदय दिवसातून लाखभर वेळा तिला हलवतं. सरळ तार केव्हाच तुटली असती. टोकावर टायटॅनियम नायट्राइडचा खरखरीत थर देतात, म्हणजे एवढ्याशा जागेत पृष्ठभाग वाढतो. तेव्हा 'अग्र' नेमकाच आहे. आत्याबाईंची शंकाही उगाच नाही. एका प्रकारात बारीक मळसूत्र हृदयाच्या स्नायूत फिरवून बसवतात, दुसऱ्यात सिलिकॉनचे मऊ काटे आत अडकतात. कुठला बसवणार ते डॉक्टरांना विचारा.

कोठीवरून: फॅरेडेने १८३४ साली शब्द वापरात आणला, त्यात ग्रीक 'होडोस' म्हणजे वाट. टोक आपण घातलं. 'वीजवाट' म्हणा.

दांडियाबाजार: मग अख्खी तारच वीजवाट झाली. सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला. त्या गावात बसून आपण 'लीड' लिहायचं? मला हे पटत नाही.

रावपुऱ्याची सून: पत्रकातल्या 'स्टिम्युलेट'ला 'उत्तेजित करणे' चालेल का?

कोठीवरून: नको, 'चालना देणे'. आणि 'प्रत्यारोपण' लिहिलं असेल तर खोडा. काकांच्या वेळी मी तेच कळवलं होतं, तर गावाकडून रडत फोन आला, कुणाचं हृदय बसवलं म्हणून. 'रोपण' लिहा.

रावपुऱ्याची सून: रोपण वाचून शांत झाल्या! लहानपणी कोकणात भात लावलेला. म्हणाल्या, "रोप लावलं की हलवायचं नाही, मूळ धरू द्यायचं."

मांडवीकर: अगदी तसंच. काही आठवडे तो हात खांद्याच्या वर नेऊ नका म्हणतात, तार सरकू नये म्हणून. टोकाभोवती ऊतक धरतं. तिथे सूज वाढू नये म्हणून टोकातच स्टेरॉइड ठेवलेलं असतं, ते हळूहळू झिरपतं.

दांडियाबाजार: पण भाताचं रोप एका वाफ्यातून उपटून दुसरीकडे लावतात. म्हणजे ते प्रत्यारोपणच की!

रावपुऱ्याची सून: उद्या सकाळी निघतोय. विद्युताग्र तसंच ठेवलंय, शेजारी पेन्सिलीने 'तारेचं टोक' लिहिलंय.

कोठीवरून: सांभाळून जा. दांडियाबाजार, त्याला आमच्या मावळात 'आवणी' म्हणतात. कोकणात लावणीच ना?